जॅम खाली की वर? डेव्हन-कॉर्नवॉलला नव्याने येणाऱ्यांसाठी स्कोनचं मार्गदर्शन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला नोकरीला किंवा शिकायला येणाऱ्या मराठी माणसाला व्हिसा, घरभाडं, बँक खातं याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. स्कोनबद्दल, म्हणजे चहासोबत खायच्या मैद्याच्या छोट्या भाजलेल्या पावाबद्दल, कुणी चकार शब्द काढत नाही. मग एखाद्या शुक्रवारी ऑफिसात कुणीतरी डबा उघडतं. डब्यात गोल, फुगलेले, वरून तांबूस स्कोन, एका वाटीत लाल जॅम, दुसरीत पिवळसर घट्ट क्रीम. आजूबाजूची मंडळी हातातलं काम सोडून तुमच्या सुरीकडे बघायला लागतात. आधी जॅम लावता की आधी क्रीम, यावरून तुमची जात-कुळी ठरणार असते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

मी प्लिमथला राहतो. गाव डेव्हनमधलं, पण टेमार नदी ओलांडली की पलीकडे कॉर्नवॉल. आमच्या ऑफिसात दोन्ही काठांची माणसं एकाच टेबलावर चहा पितात, त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी मनसोक्त ऐकला आहे आणि जमेल तेव्हा त्यात तेलही ओतलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. हा वाद मिटावा असं इथे कुणालाही वाटत नाही. नव्या माणसाने कुठली तरी एक बाजू घ्यावी आणि ती थोडी तरी लढवावी, एवढीच अपेक्षा असते. ती बाजू समजून-उमजून घेता यावी म्हणून हा लेख.

आधी जमवाजमव

कागदपत्रं लागत नाहीत. हाताशी काय असावं ते असं:

- बोथट सुरी (धारदार नको, का ते पुढे येईल) आणि स्वतःची बशी
- जॅमसाठी एक चमचा, क्रीमसाठी वेगळा
- चहाची किटली, आणि चहा सुटा असेल तर गाळणी
- नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर ते कार्ड. जुन्या वाड्या-बागांची निगा राखणारी ही संस्था. कार्डावर प्रवेश फुकट असतो आणि त्यांच्या बहुतेक मोठ्या ठिकाणी टी-रूम असते. त्यांचे स्कोन इतके नावाजलेले की एका बाईंनी २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं घालवून ट्रस्टच्या २४४ ठिकाणचे स्कोन खाल्ले.
- दुपारची मोकळी वेळ. लहान गावांतल्या टी-रूम चार-साडेचारलाच आवरायला घेतात आणि हिवाळ्यात कित्येक बंदच असतात. भारतातल्या सवयीने सहाला चहाला निघालात तर दारावरची पाटी वाचून परत याल.

१. काय मागवताय ते समजून मागवा

'क्रीम टी' म्हणजे क्रीम घातलेला चहा नव्हे. नव्या माणसांचा पाय इथेच पहिल्यांदा घसरतो. क्रीम टी म्हणजे स्कोन (बहुधा माणशी दोन), जॅम, क्लॉटेड क्रीम आणि किटलीभर चहा, असा सगळा संच. चहात घालायला दूध वेगळं येतं. ते घट्ट क्रीम चहात ढवळलंत तर वर तेलाचे तवंग येतील आणि वाढणारी मुलगी हसू दाबत आत निघून जाईल.

'आफ्टरनून टी' ही त्याहून मोठी आणि महाग गोष्ट. तीन मजली तबक येतं. खाली बोटभर रुंदीची सँडविचेस, मध्ये स्कोन, वर केक-पेस्ट्री. खाताना खालून वर जायचं. ही पद्धत १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी रूढ केली असं मानतात. दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांत फार अंतर पडायचं आणि बाईंना मध्येच भूक लागायची.

'हाय टी'च्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या माणसाने विशेष सांभाळावं. आपल्याकडे परिषदेच्या पत्रिकेवर 'हाय-टी' छापलं की सामोसे, पेस्ट्री आणि सूटबूट असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनमध्ये त्या शब्दाचा जुना अर्थ म्हणजे कामावरून दमून आलेल्या कष्टकरी माणसाचं संध्याकाळचं भरपेट जेवण, चहाच्या सोबतीने. ते थाटामाटाचं मुळीच नव्हतं.

शाकाहारी मंडळींनी अंड्याचं विचारून घ्यावं. काही स्कोनच्या पिठात अंडं असतं, काहींच्या फक्त वरच्या चकाकीसाठी अंडं फासलेलं असतं, काही निव्वळ दुधावर होतात. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्याला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि अंडं त्या यादीत आहे. त्यामुळे संकोच न करता ॲलर्जीची यादी मागा. तुमची कारणं वेगळी आहेत हे समजावत बसण्याची गरज नाही. चीज स्कोन दिसला तर तो तिखटामिठाच्या बाजूचा, त्याला लोणी लावतात, जॅम नाही.

२. उच्चार आधी ठरवून ठेवा

एक गट 'स्कॉन' म्हणतो, दुसरा 'स्कोन'. २०१६ साली यूगव्ह या संस्थेने ब्रिटनभर विचारलं तेव्हा ५१ टक्के 'स्कॉन'वाले निघाले आणि ४२ टक्के 'स्कोन'वाले. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात जवळजवळ सगळे 'स्कॉन' म्हणतात. दक्षिणेत खिचडी आहे. त्यात वर्गाचाही मामला आहे. अनेकांना वाटतं की 'स्कोन' म्हणणारा उगाच मोठेपणा मिरवतो, आणि 'स्कोन' म्हणणाऱ्यांतल्या काहींना समोरच्याबद्दल नेमकं तेच वाटतं.

मी मराठीत 'स्कोन' लिहितो कारण आपल्याकडे तसंच रुळलं आहे. इथे बोलताना मी समोरचा काय म्हणतो ते ऐकतो आणि मुद्दाम दुसरं म्हणतो. तुम्ही पहिल्या आठवड्यात हे करू नका.

तिसराही उच्चार आहे, 'स्कून', पण तो खाण्याचा नाही. स्कॉटलंडमध्ये पर्थजवळ याच स्पेलिंगचं एक ठिकाण आहे, जिथे स्कॉटिश राजांचे राज्याभिषेक होत. तिथला प्रसिद्ध दगड २०२३ मध्ये चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकासाठी लंडनला नेला होता. दगडाचा उच्चार स्कोनला लावलात तर दोन्ही गट एक होऊन तुमच्यावर तुटून पडतील.

३. क्रीम खरं आहे का ते बघा

जॅम आधी की क्रीम आधी हा वाद क्लॉटेड क्रीमवरच शोभतो. फेटलेलं हलकं क्रीम किंवा डब्यातून फुसकन निघणारं क्रीम असेल तर दोन्ही काठांची माणसं सारखीच नाक मुरडतात, आणि त्यात ती बरोबर आहेत.

म्हशीचं दूध मंद तापवून रात्रभर ठेवल्यावर सकाळी जी जाड साय धरते, तिच्या जवळचं हे प्रकरण. मलईदार दूध किंवा क्रीम पसरट भांड्यात हळूहळू तापवतात, तासन् तास निवू देतात आणि वर जमलेले गठ्ठे काढून घेतात. आपल्या सायीपेक्षा हे बरंच स्निग्ध आणि एकजीव असतं, लोण्याकडे झुकणारं. 'कॉर्निश क्लॉटेड क्रीम' या नावाला १९९८ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळालं, आणि त्यासाठी स्निग्धांश किमान ५५ टक्के लागतो. कॉर्नवॉलमधल्या रेडरूथजवळची रॉडाज कंपनी १८९० पासून ते बनवते आहे. तिचे डबे देशभर कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात.

खूण सोपी आहे. वर सोनेरी, किंचित रवाळ पापुद्रा हवा. तो पापुद्रा बघून 'हे खराब झालंय वाटतं' म्हणत काढून टाकणारे नवे लोक मी पाहिले आहेत. तो सगळ्यात चांगला भाग असतो. टेबलावर तुमच्या आधी कुणी डबा उघडला असेल तर पापुद्रा बहुतेक शिल्लक नसतोच.

४. आपण नदीच्या कुठल्या काठावर बसलोय ते बघा

डेव्हन आणि कॉर्नवॉल यांच्या मधून टेमार नदी वाहते, जवळजवळ सगळी सीमा तीच आखते. रेल्वेने येत असाल तर प्लिमथ सोडल्यावर ब्रुनेल या इंजिनिअरने १८५९ मध्ये बांधलेला रॉयल अल्बर्ट पूल लागतो. पुलाच्या अलीकडे क्रीम आधी, जॅम वर. पलीकडे सॉल्टॅशमध्ये उतरलात की जॅम आधी, क्रीम वर.

कॉर्नवॉलच्या माणसापुढे ही नुसती चवीची गोष्ट आहे असं समजू नका. कॉर्निश लोक स्वतःला इंग्रजांपासून वेगळे मानतात. त्यांची स्वतःची भाषा होती, ती बंद पडली आणि विसाव्या शतकात प्रयत्नपूर्वक पुन्हा बोलायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यताही दिली. त्यामुळे जॅम खाली असणं हे तिथे अर्धं थट्टेवारी आणि अर्धं अस्मितेचं असतं. त्यातलं किती कुठलं, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

२०१८ च्या मार्चमध्ये हे चांगलंच दिसलं. बॉडमिनजवळच्या लॅनहायड्रॉक या वाड्याने, म्हणजे नॅशनल ट्रस्टच्या ऐन कॉर्नवॉलमधल्या ठिकाणाने, मातृदिनाच्या चहाची जाहिरात केली. चित्रातल्या स्कोनवर क्रीम खाली आणि जॅम वर. लोक खवळले, काहींनी सदस्यत्व सोडायची भाषा केली आणि वाड्याला जाहीर माफी मागावी लागली. माफी हसत मागितली होती, तरी मागावी लागली.

लंडन, बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टरला असाल तर कुणी फारसं मनावर घेत नाही. तिथे तुम्हाला आवडेल तसं खा. पण टेबलावर एक जरी माणूस नैर्ऋत्येकडचा निघाला तर वरचे नियम लगेच लागू होतात.

५. आता प्रत्यक्ष खाणं

स्कोन गरम असावा, पण भट्टीतून थेट आलेला नको. कोमट बरा. चांगल्या स्कोनच्या कडेला मध्यावर एक आडवी भेग असते. दोन्ही अंगठे तिथे ठेवून तो हाताने उलगडायचा. धारदार सुरीने कापला तर आतला भाग चेपतो आणि पिठूळ लागतो. म्हणून सुरी बोथट चालते, तिचं काम फक्त फासण्याचं.

वाटीतून जॅम थेट स्कोनवर घेऊ नका. आधी तुम्हाला लागेल तेवढा जॅम आणि तेवढं क्रीम स्वतःच्या बशीत काढून घ्या आणि मग तिथून लावा. यामागे स्वच्छता आहेच, शिवाय वाद आहे. जॅमच्या वाटीत क्रीमचा थेंब किंवा क्रीममध्ये जॅमचा लाल धागा सापडला तर दोषी कोण याचा शोध सुरू होतो, आणि नव्या माणसावरच पहिला संशय येतो.

डेव्हन पद्धत. अर्ध्या स्कोनवर लोणी लावतो तसं क्रीम सगळीकडे पसरायचं, कडेपर्यंत. त्यावर जॅमचा एक चमचा मधोमध. जॅम पसरत बसू नये, नाहीतर दोन्हीचं मिळून गुलाबी चिखल होतो.

कॉर्नवॉल पद्धत. आधी जॅमचा थर, तोही कडेपर्यंत. त्यावर क्रीमचा मोठा गोळा ठेवायचा. पसरायचा नाही, ठेवायचा. काही जुनी घरं जॅमच्याही आधी लोण्याचा हात फिरवतात. डेव्हनच्या माणसाला हे कळलं की तो म्हणतो, "बघा, त्यांनाही खाली काहीतरी स्निग्ध लागतंच."

दोन्ही पद्धतींत अर्धा-अर्धा स्कोन वेगळा खायचा. वरचं झाकण परत लावून वडापावसारखा दाबला, तर जॅम-क्रीम चारी बाजूंनी मनगटापर्यंत येईल. या एका मुद्द्यावर टेमारच्या दोन्ही काठांचं एकमत आहे.

जॅम स्ट्रॉबेरीचा हा नेहमीचा रिवाज, रास्पबेरीचाही चालतो. मनुके घातलेला फ्रूट स्कोन की साधा, यावरही भांडतात. माझं मत साध्याच्या बाजूने आहे. जॅममध्ये फळ आहे, आत पुन्हा मनुके कशाला?

उपासाच्या दिवशी काय करावं असं विचारणारे भेटतात. दूध-फळ चालत असेल तर जॅम आणि क्रीम चालायला हरकत नाही, स्कोन मात्र मैद्याचा. पण टी-रूममध्ये बसून नुसतं जॅम आणि क्रीम चमच्याने खाल्लंत तर दोन्ही जिल्ह्यांत तुमचं नाव निघेल.

६. बाजू घ्या आणि लढवा

नवा माणूस सभ्यपणे म्हणतो, "शेवटी पोटात जाऊन सगळं एकच." हे वाक्य कधीही उच्चारू नका. टेबलावर शांतता पसरते, कुणीतरी विषय बदलतं आणि पुढच्या शुक्रवारी तुमच्या सुरीकडे कुणी बघत नाही. म्हणजे तुम्हाला खेळातून बाद केलं. चूक बाजू घेतलीत तर उलट तुमच्यावर चार जण तुटून पडतात, आणि ओळखी त्यातूनच होतात.

डेव्हनच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा असा की क्लॉटेड क्रीम हे लोण्याच्या जागी आहे. पावावर आधी लोणी लावतात, मग जॅम. जॅमवर लोणी फासणारा माणूस कुणी पाहिलाय का? शिवाय घट्ट क्रीम कोरड्या स्कोनवर नीट पसरतं, बुळबुळीत जॅमवर घसरतं. हा दुसरा मुद्दा मला दमदार वाटतो.

कॉर्नवॉलच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा तापमानाचा. स्कोन गरम असला की क्रीम वितळून आत मुरतं, मधे जॅमचा थर असला की ते शाबूत राहतं. जॅमच्या वर क्रीमचा हवा तेवढा मोठा डोंगर रचता येतो, हाही फायदा. आणि टोमणा असा: डेव्हनची माणसं क्रीम जॅमखाली लपवतात, कारण त्यांना आपल्या क्रीमची लाज वाटते. आमच्या ऑफिसातल्या सॉल्टॅशच्या बाई हा टोमणा दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखा मारतात.

कॉर्नवॉलकडे साक्षीदारही बडे आहेत. राणी एलिझाबेथ यांच्या एका माजी आचाऱ्याने सांगितलं आहे की राजवाड्यातल्या चहाच्या वेळी राणी आधी जॅम लावत. २०१३ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या गणितज्ञ युजेनिया चेंग यांनी स्कोनचं सूत्रच मांडलं. वजनाने स्कोन, जॅम, क्रीम यांचं प्रमाण २:१:१, म्हणजे ७० ग्रॅमच्या स्कोनला ३५ ग्रॅम जॅम आणि ३५ ग्रॅम क्रीम, आणि जॅम आधी. डेव्हनच्या बाजूने असाल तर एवढंच हळूच विचारा, की हे काम कुणी करून घेतलं होतं? उत्तर आहे रॉडाज. नदीच्या कुठल्या काठावरची कंपनी, ते वर सांगितलंच आहे.

डेव्हनचं हुकमी पान म्हणजे टॅव्हिस्टॉकचा मठ. अकराव्या शतकात तिथल्या भिक्षूंनी मठ पुन्हा बांधणाऱ्या मजुरांना पाव, क्रीम आणि जॅम दिलं, म्हणजे क्रीम टी हजार वर्षांपासून डेव्हनची, असा दावा आहे. याचं उत्तर कॉर्नवॉलवाल्यांच्या हातात मी आनंदाने देतो. अकराव्या शतकातल्या इंग्लंडात साखर घातलेला जॅम कुठून आला? आज आपण खातो ती टपोरी स्ट्रॉबेरी तर अठराव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी भागात दोन अमेरिकी जातींच्या संकरातून निघाली. आणि आजचा फुगलेला स्कोन बेकिंग पावडरीशिवाय होत नाही, ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये काढली. त्याआधीचे स्कॉटिश स्कोन ओटच्या पिठाचे, चपटे, तव्यावर भाजलेले आणि चार तुकडे करून खायचे असत. मजुरांना पाव आणि क्रीम मिळालं असेल, त्याला क्रीम टी म्हणणं म्हणजे जरा ओढूनताणून.

खरं तर या दोन्ही जिल्ह्यांत जुनी चाल स्कोनची नव्हतीच. 'स्प्लिट' नावाचे मऊ, यीस्टचे, किंचित गोड पाव असत. ते फोडून त्यात क्रीम भरायचं. क्रीमवर जॅमऐवजी काकवी किंवा गोल्डन सिरपची धार सोडली की त्याला 'थंडर अँड लायटनिंग' म्हणत. एखाद्या जुन्या बेकरीत स्प्लिट मिळाला तर सोडू नका. आणि वादात दोन्ही पक्ष जिंकायला आले असतील तेव्हा हा मुद्दा टाका. दोघेही क्षणभर गप्प होतात.

एक मात्र करा. जॅम-क्रीमच्या दिवशी पेस्टीचा विषय काढू नका. मांस-बटाटा भरलेल्या त्या अर्धगोल करंजीची मुरड बाजूला घालायची की वर, यावरही याच दोघांचं भांडण आहे, आणि 'कॉर्निश पेस्टी'ला २०११ मध्ये संरक्षण मिळाल्यापासून त्यात वकिली भाषा शिरली आहे. एका बैठकीत एकच आघाडी उघडावी.

७. चहा

इथे पुन्हा वाद: कपात दूध आधी की चहा आधी. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००३ मध्ये दूध आधी असा कौल दिला, कारण गरम चहात थोडं थोडं दूध पडलं की त्यातली प्रथिनं बिघडतात. लोक मात्र दूध नंतरच घालतात. तुम्ही किटलीतला चहा चार मिनिटं तरी मुरू द्या, कारण आपल्या उकळलेल्या चहाची सवय असलेल्या जिभेला लगेच ओतलेला चहा गरम पाण्यासारखा लागतो. आलं-वेलची मागू नका. मिळाली तरी स्ट्रॉबेरीच्या जॅमशी जमत नाही.

८. दुसरीकडे गेलात तर

स्कॉटलंडमध्ये 'टॅटी स्कोन' म्हणजे बटाट्याचा चपटा त्रिकोणी तुकडा, सकाळी न्याहारीला येतो. 'ड्रॉप स्कोन' म्हणजे छोटी जाड धिरडी. राणी एलिझाबेथ यांनी १९६० साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना पाककृती पाठवली ती याचीच. या दोन्हींवर क्लॉटेड क्रीम शोधू नका. ऑस्ट्रेलियात क्रीम टीला 'डेव्हनशायर टी' म्हणतात, पण क्रीम बहुधा फेटलेलं असतं. तिथे कंट्री विमेन्स असोसिएशनच्या बायकांचे स्कोन खायला लोक जत्रेत रांगा लावतात. अमेरिकेतले स्कोन त्रिकोणी, गोड आणि वर साखरेची झिलई असलेले. ते तसेच खातात, वाद घालायला काही उरत नाही.

९. घरी बोलवायचं असेल तर

चार वेळा दुसऱ्याचे स्कोन खाल्ल्यावर एकदा आपल्याकडे बोलवावं लागतंच. आठएक स्कोनचं प्रमाण असं: २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा, ५० ग्रॅम थंड लोणी, २५ ग्रॅम बारीक साखर, चिमूटभर मीठ, साधारण १५० मिलिलिटर दूध. साध्या मैद्याला बेकिंग पावडर वेगळी घालावी लागते, दोन सपाट चहाचे चमचे पुरतात.

लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी रव्यासारखं होईपर्यंत चोळा. साखर-मीठ घालून दूध हळूहळू ओता आणि सुरीनेच कालवा. आता आपला हात आडवा येतो. पोळ्यांची सवय असलेला हात कणकेला मळत राहतो, आणि मळलेला स्कोन दगड होतो. जेमतेम गोळा झाला की थांबा. किंचित चिकट, खडबडीत दिसला तरी चालेल. लाटू नका, हातानेच अडीच सेंटिमीटर जाडीचा थापा. गोल साच्याने सरळ खाली दाबून कापा. साचा पिळला तर कडा बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलंडून फुगतो. वरून दुधाचा हात फिरवा, अंडं लागत नाही. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

क्लॉटेड क्रीम विकतच आणा. घरी करायचं असेल तर डबल क्रीम (जास्त स्निग्धांशाचं दाट क्रीम) पसरट काचेच्या भांड्यात ओतून ८० अंशांवर ओव्हनमध्ये १२ तास, मग निववून रात्रभर फ्रिजमध्ये. वरचा घट्ट थर काढून घ्या. खाली उरलेलं पातळ दूध पुढच्या स्कोनच्या पिठात जातं. भारतात असाल तर म्हशीच्या दुधाची जाड साय वापरून बघा, लावायला थोडी घडीदार येते पण चवीला बरीच जवळ जाते.

टेबल मांडताना स्कोन आधीच फासून ठेवू नका. आदरातिथ्य म्हणून आपण सगळं वाढून पुढे ठेवतो, इथे तो अपमान ठरतो, निम्म्या पाहुण्यांचा तरी. जॅम आणि क्रीम दोन वेगळ्या वाट्यांत मधोमध ठेवा आणि कुठली वाटी कुणाच्या जवळ सरकवायची हे पाहुण्यांवर सोडा. तुम्ही स्वतः सगळ्यात शेवटी घ्या. सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे असेल, तेव्हा ठरवलेली बाजू सावकाश, दिसेल अशी लावा.

उरलेले स्कोन दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात, म्हणून पूर्ण गार झाले की लगेच फ्रीजरमध्ये टाका. गरज पडेल तेव्हा गोठलेलेच ओव्हनमध्ये १६० अंशांवर दहाएक मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये घातलेत तर रबर होतील.